दुर्बिणीतून चंद्र धूसर दिसतोय? स्क्रूला हात लावण्याआधी हे तपासा

"चंद्र दिसतो, पण स्वच्छ दिसत नाही." छोट्या दुर्बिणीबद्दल मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. दुर्बीण बहुधा ६०, ७० किंवा ८० मिलिमीटरची भिंगाची असते, नाहीतर ७६, ११४ किंवा १३० मिलिमीटरची आरशाची. हाच एक बिघाड मी इतक्या वेळा शोधून काढलाय, की आता दुर्बिणीला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारते: धूसर म्हणजे नेमकं कसं? धूसरपणाचे प्रकार असतात आणि जवळजवळ प्रत्येक प्रकार आपलं कारण सांगतो. ते न ऐकता थेट स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, की आधी नसलेला दोष दुर्बिणीत तयार होतो. मग दोन दोष शोधावे लागतात.

लक्षणं आधी ओळखा

दुर्बिणीसोबत मिळालेला सगळ्यात जास्त आकड्याचा आयपीस (डोळा लावायचं, बदलता येणारं भिंग), बहुधा २५ किंवा २० मिलिमीटरचा, लावा. चंद्राच्या उजेड-अंधाराच्या सीमारेषेवर, म्हणजे टर्मिनेटरवर, एखादं मोठं विवर मध्यभागी आणा आणि दोन मिनिटं नुसतं बघत राहा. आता खालीलपैकी काय दिसतंय?

चित्र पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखं थरथरतं, मधेच क्षणभर लख्ख होतं आणि पुन्हा विरघळतं. हा हवेचा खेळ आहे, दुर्बिणीतलीच असेल किंवा आकाशातली.

चित्र शांत आहे, पण फोकसचं चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवूनही कडा धारदार होत नाहीत. काहीतरी लावायचं राहिलंय, किंवा नको ते लावलंय.

चाकाला बोट लागलं की चंद्र उड्या मारतो आणि शांत व्हायला पाच-सहा सेकंद घेतो. दोष स्टँडचा.

चंद्राभोवती दुधाळ प्रभा आहे, आणि ज्या सावल्या काळ्याकुट्ट असायला हव्यात त्या राखाडी दिसतात. दव, बोटांचे डाग, बुरशी, नाहीतर आकाशात पातळ ढग.

प्रत्येक विवराच्या कडेला एकाच बाजूला फिकट शेपूट आहे, जणू चित्र एका दिशेने पुसलं गेलंय. हे मात्र खरं दुखणं असू शकतं. आरशाच्या दुर्बिणीत बहुधा कॉलिमेशन, म्हणजे आरशांची एका रेषेतली मांडणी, बिघडलेली असते.

तीन गोष्टींची तक्रार होते, पण त्या दोष नाहीत. त्या आत्ताच बाजूला काढू. भिंगाच्या साध्या दुर्बिणीत चंद्राच्या कडेला जांभळी किंवा पिवळसर बारीक किनार दिसते. दोन काचांचं भिंग सगळे रंग एकाच जागी आणू शकत नाही, म्हणून ती दिसते आणि ती तशीच राहणार. चंद्र उलटा दिसणं, किंवा भिंगाच्या दुर्बिणीत काटकोनी आरशामुळे डावं-उजवं बदलणं, हाही बिघाड नाही. नकाशा तेवढा त्या हिशेबाने धरावा लागतो. आणि फोटोत दिसतो तसा चंद्र डोळ्यांना दिसत नाही, कारण ते फोटो बहुतेकदा व्हिडिओतल्या शेकडो चौकटींमधून उत्तम तेवढ्या निवडून, एकावर एक रचून केलेले असतात.

पहिली तपासणी: आज तिथी कोणती?

याला काहीच खर्च नाही, आणि निम्मं समाधान इथेच सापडतं. चंद्रावरचे उंचसखल भाग आपल्याला सावल्यांमुळे कळतात. पौर्णिमेला सूर्यप्रकाश आपल्या पाठीमागून गेल्यासारखा चंद्रावर सरळ पडतो, त्यामुळे सावल्या ज्या त्या डोंगराच्या मागे दडतात. मग ९३ किलोमीटर व्यासाचं कोपर्निकस विवरसुद्धा एक पांढरा डाग होऊन बसतं. टायको विवरापासून निघालेले लांबलचक पांढरे पट्टे मात्र त्याच रात्री सगळ्यात खुलतात, म्हणजे पौर्णिमा अगदीच वाया जात नाही. पण दुर्बीण तपासायला ती रात्र कामाची नाही.

तपासायचं असेल तर शुक्ल पक्षातली षष्ठी ते दशमी धरा. षष्ठीच्या आसपास थिओफिलस हे सुमारे १०० किलोमीटरचं विवर टर्मिनेटरवर येतं. नवमीच्या सुमारास प्लेटो विवर, दक्षिणेकडचं प्रचंड क्लेव्हियस विवर आणि 'स्ट्रेट वॉल' म्हणून ओळखला जाणारा, सुमारे ११० किलोमीटर लांबीचा कडा पाहायला मिळतो. दशमीला कोपर्निकस. चंद्र किंचित डुलत असल्याने एखाद्या दिवसाचा फरक पडतो.

थिओफिलसवर सूर्य उगवताना एकदा तासभर बसून पाहाच. विवर शाईने काठोकाठ भरल्यासारखं काळं असतं. त्या काळ्यात मधोमध एक ठिणगी दिसते, मधल्या डोंगराचं सर्वात उंच टोक. टर्मिनेटर चंद्राच्या विषुववृत्ताजवळ ताशी सुमारे १५ किलोमीटर सरकतो, त्यामुळे तासाभरात ठिणगी पसरते, तिला दुसरं टोक फुटतं आणि पश्चिमेकडच्या भिंतीच्या पायऱ्या एकेक करून उजळतात. साध्या आयपीसमधून एवढं दिसलं, सावल्या काळ्या आणि त्यांच्या कडा सुरीने कापल्यासारख्या असल्या, तर तुमच्या दुर्बिणीचं भिंग किंवा आरसा चांगला आहे. पुढच्या सगळ्या तपासण्यांसाठी ही खूणगाठ बांधून ठेवा.

टोपी पूर्ण काढलीय ना?

हसू नका, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. अनेक छोट्या दुर्बिणींच्या पुढच्या झाकणात आणखी एक लहान झाकण असतं. लोक तेवढंच काढतात आणि मोठं तसंच राहतं. चंद्र इतका तेजस्वी आहे की त्या भोकातूनही छान उजळ दिसतो, म्हणून संशयच येत नाही. पण दुर्बीण किती बारीक तपशील वेगळा दाखवेल हे तिच्या तोंडाच्या रुंदीवर ठरतं. ११४ मिलिमीटरची दुर्बीण साधारण १ विकलेएवढा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तपशील वेगळा करू शकते, म्हणजे चंद्रावर जेमतेम २ किलोमीटर. तीच दुर्बीण ४० मिलिमीटरच्या भोकातून पाहायला लावली, तर हा आकडा साडेपाच किलोमीटरच्या आसपास जातो. तुम्ही ११४ची दुर्बीण घेऊन ४०ची वापरताय.

मोठं वर्धन उतरवा

चित्र किती पट मोठं दिसेल याची गणितं दुर्बिणीच्या खोक्यावरच फसवी छापलेली असतात. दुर्बिणीचं नाभीय अंतर (भिंग किंवा आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर, नळीवर लिहिलेलं असतं) भागिले आयपीसचा आकडा म्हणजे वर्धन. ९०० मिलिमीटरच्या दुर्बिणीत २५चा आयपीस ३६ पट दाखवतो, १०चा ९० पट, ४चा २२५ पट. त्यात तिप्पट बार्लो, म्हणजे वर्धन वाढवणारं जोडभिंग, घातली की ६७५. आता दुसरी बाजू बघा: दुर्बिणीच्या तोंडाच्या मिलिमीटरची दुप्पट ही उपयोगी वर्धनाची वरची मर्यादा, तीही हवा उत्तम असताना. ७० मिलिमीटरला १४० पट, ११४ला सव्वादोनशेच्या आसपास. ६७५ पटीला चित्र मोठं होतं, तपशील एकही वाढत नाही. तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरतो, म्हणून चित्र मंद, मऊ आणि पिठूळ दिसतं.

आणखी एक गोष्ट होते. वर्धन फार वाढवलं की आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक होतो आणि तुमच्या डोळ्यातले तरंगणारे धागे, ठिपके चंद्रावर फिरताना दिसू लागतात. आयपीसमध्ये किडा किंवा केस शिरलाय असं समजून तो उघडून बसलेले लोक मला भेटलेत.

म्हणून बार्लो बाजूला ठेवा. २५ने सुरुवात, मग १०. तिथे चित्र धारदार आणि ४ला धूसर असेल, तर दुर्बिणीला काहीही झालेलं नाही. माझी स्वतःची बरीचशी चंद्रनिरीक्षणं ९० ते १२० पटीतच होतात, आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही.

हवा

इथे जरा थांबावं लागेल, कारण थरथरत्या चित्राचं निदान सगळ्यात जास्त चुकतं.

खिडकीच्या बंद काचेतून बघत असाल तर आधी बाहेर या. खिडकीची काच दिसायला सपाट असली तरी दुर्बिणीच्या दृष्टीने ती वेडीवाकडी असते. उघडी खिडकीही फारशी बरी नाही. खोलीतली गरम हवा तिथूनच बाहेर वाहत असते आणि तुम्ही नेमके त्या प्रवाहातून बघता.

बाहेर आलात की चंद्राच्या खाली काय आहे ते पाहा. दिवसभर तापलेली गच्ची, पत्र्याचं छप्पर किंवा डांबरी रस्ता रात्री बराच वेळ उष्णता सोडत असतो. त्यांच्यावरून बघण्यापेक्षा गवत, माती किंवा झाडं असलेल्या बाजूला दुर्बीण चार पावलं सरकवली तरी फरक दिसतो. चंद्राची उंचीही महत्त्वाची आहे. क्षितिजापासून ३० अंशांवर चंद्र असेल तर डोक्यावरच्या तुलनेत दुप्पट हवेतून बघावं लागतं, आणि त्याखाली तर हवाच प्रिझमसारखी वागून चंद्राच्या वरच्या कडेला निळसर आणि खालच्या कडेला लालसर झाक आणते. आरशाच्या दुर्बिणीत चित्र उलटं असल्याने ही झाक उलट बाजूंना दिसते, एवढं लक्षात ठेवा. चंद्र ४० अंशांच्या वर येईपर्यंत थांबणं, याच्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही.

उरली नळीतली हवा. घरातून बाहेर आणलेली दुर्बीण बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते. आरसा आपली ऊब हळूहळू सोडतो आणि ती नळीतून वर चढताना चित्र ढवळून काढते. छोट्या दुर्बिणीला अर्धा तास, १३० मिलिमीटरच्या आरशाला पाऊण ते एक तास बाहेर ठेवून मगच मत बनवा. हवा खरंच असं करते का, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर आरशाच्या दुर्बिणीत एखादा ठळक तारा धरा, फोकस थोडा बिघडवून त्याची गोल चकती करा आणि नळीच्या तोंडासमोर खालच्या बाजूने हात धरा. हाताची ऊब त्या चकतीवर धुरासारखी वर जाताना दिसते. पाच बोटांची ऊब एवढं करते, तर पाव किलोचा कोमट आरसा किती करत असेल ते समजतं.

नळी थंड झालीय, चंद्र उंच आहे, खाली गवत आहे, तरीही चित्र वाहतंय? मग ती वरची हवा. वेगवान, एकाच दिशेने सळसळणाऱ्या लाटा असतील तर त्या बहुधा खूप उंचावरच्या वाऱ्याच्या असतात आणि त्यावर उपाय नाही. वर्धन कमी करा, किंवा दुसऱ्या रात्री या. हौशी निरीक्षक याला 'सीइंग' म्हणतात. आकाश स्वच्छ असणं आणि सीइंग चांगलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तारे जोरात लुकलुकत असलेली झळझळीत रात्र चंद्रासाठी वाईट निघते आणि किंचित धूसर, पानही न हलणारी रात्र अप्रतिम. वाईट रात्रीही आयपीसला डोळा लावून सलग पाच मिनिटं बसा. हवा मधूनच अर्धा सेकंद थांबते आणि तेवढ्यात दरीतली बारीक चीर दिसून जाते. ज्यांना जास्त दिसतं त्यांच्याकडे पुष्कळदा दुर्बीण मोठी नसते, बसण्याचा धीर मोठा असतो.

प्लेटोच्या गुळगुळीत तळावरची दोन-तीन किलोमीटरची चिमुकली विवरं दिसली नाहीत म्हणून दुर्बिणीला दोष देऊ नका. ७० मिलिमीटरची मर्यादाच ३ किलोमीटरच्या आसपास आहे, आणि ११४लाही ती उत्तम रात्रीच जेमतेम दिसतात.

फोकस आणि मधले भाग

फोकस करताना चंद्राची गोल कड धरू नका. टर्मिनेटरवरच्या एखाद्या लहान विवराची सावली धरा. चाक सर्वोत्तम जागेच्या पुढे न्या, पुन्हा धूसर होऊ द्या, मग मागे या. दोन्ही बाजूंचा धूसरपणा पाहिल्याशिवाय मधली जागा सापडत नाही. चाकाच्या एका टोकाला चित्र "होत आलंय, पण होत नाही" अशी स्थिती असेल तर भिंगाच्या दुर्बिणीत काटकोनी आरसा लावलाय का पाहा. तो नसेल तर फोकसरची, म्हणजे चाकाने आत-बाहेर सरकणाऱ्या भागाची, नळी हवी तितकी बाहेर येऊ शकत नाही. आरशाच्या दुर्बिणीत उलट होतं: चित्र सरळ करणारा जोडनळीसारखा भाग किंवा नको असलेलं अडॅप्टर मधे बसवलेलं असतं. सगळं काढा, फोकसर आणि आयपीस एवढंच ठेवा.

आयपीस बसवणारा छोटा स्क्रू घट्ट आवळताना आयपीस एका बाजूला कलंडतो, आणि मग चंद्राची एक बाजू स्पष्ट, दुसरी मऊ. आयपीस तळाशी टेकवून, बोटाने धरून मगच आवळा. सगळ्या बाजूंनी सारखीच कड मऊ दिसत असेल तर तो साध्या आयपीसचा स्वभाव आहे. बघायची गोष्ट मध्यभागी ठेवा.

दोष डोळ्यात आहे का?

ही तपासणी फारसं कोणी करत नाही, म्हणून आवर्जून लिहिते. चित्रात एका दिशेने ओढल्यासारखा धूसरपणा असेल तर आयपीसला डोळा लावूनच मान हळूहळू तिरपी करा. ओढ डोक्याबरोबर फिरली तर ती तुमच्या डोळ्याची. आता मान स्थिर ठेवून आयपीस त्याच्या जागी फिरवा. ओढ आयपीसबरोबर फिरली तर दोष आयपीसचा. दोन्हींनी फिरली नाही तरच संशय दुर्बिणीवर घ्यायचा. जवळचा-लांबचा साधा चष्मा काढून बघितलं तरी चालतं, फोकस ते भरून काढतो. पण सिलिंड्रिकल नंबर असेल तर कमी वर्धनाला चष्मा ठेवूनच बघा.

चष्मा लावूनही ओढ डोक्याबरोबर फिरत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन नंबर तपासून घ्या. आणि डोळ्यासमोर तरंगणारे ठिपके अचानक खूप वाढले, सोबत प्रकाशाच्या रेघा चमकू लागल्या, तर त्याच दिवशी जा. त्याचा दुर्बिणीशी संबंध नाही.

थरथर

नळीवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि मोजा. दोन-तीन सेकंदांत चित्र शांत झालं तर ठीक. जास्त लागत असतील तर ट्रायपॉडचे पाय पूर्ण आत घ्या आणि बसून बघा, सगळे पेच आवळा, मधल्या ताटलीखाली पाण्याची भरलेली बाटली टांगा. बाटली वाऱ्याने झुलता कामा नये. पृथ्वीच्या फिरण्यामुळे चंद्र सुमारे दोन मिनिटांत स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो, त्यामुळे लोक सारखे नळीला ढकलत राहतात आणि त्यांना थरथरीशिवाय काही दिसतच नाही. त्याऐवजी हवं ते विवर ज्या कडेने आत येतं त्या कडेला नेऊन सोडा, हात बाजूला घ्या आणि ते दृष्टिक्षेत्रातून सावकाश जाऊ द्या.

दुधाळ चित्र

दिवा बंद करून टॉर्चचा उजेड भिंगावर तिरपा टाका. थोडी धूळ दिसेलच. तिने काही बिघडत नाही आणि ती पुसायच्या नादात ओरखडे मात्र पडतात. रबरी फुग्याने उडेल तेवढी उडवा. बाष्प दिसलं तर पुसू नका. थंड केलेल्या खोलीतून दमट हवेत दुर्बीण आणली की भिंगावर धुकं धरतं, ते आपोआप जातं. रात्री उशिरा धरणाऱ्या दवासाठी नळीच्या तोंडाला काळ्या जाड कागदाची किंवा फोमची गुंडाळी लावा, नळीच्या तोंडापेक्षा दीडपट लांब. आत ठेवताना भिंग ओलं असेल तर झाकण लावून बंद करू नका. बुरशी तिथूनच सुरू होते.

आयपीसच्या डोळ्याकडच्या काचेवर पापण्यांचं तेल बसतं आणि तेवढ्यानेही प्रभा येते. ती काच भिंगांच्या द्रवाचा एखादा थेंब लावलेल्या स्वच्छ कापसाने, न दाबता पुसता येते. द्रव कापसावर, काचेवर नाही.

मून फिल्टर चित्र धारदार करत नाही, फक्त झळाळी कमी करतो. पण जुन्या संचांत कधी कधी आयपीसला लावायचा गडद 'सन' लिहिलेला फिल्टर असतो. तो चंद्रासाठी वापरू नका आणि सूर्यासाठी तर कधीच नाही. एकवटलेल्या उष्णतेने तो तडकतो आणि डोळा कायमचा जातो. तो फोडून टाकून द्या.

ताऱ्याची परीक्षा, आणि मगच कॉलिमेशन

इथपर्यंत सगळं तपासून झालं आणि शेपूट तरीही आहे? मग तारा धरा. ध्रुवतारा दिसत असेल तर तोच, कारण तो जागचा हलत नाही. शंभराच्या आसपास वर्धन ठेवा, तारा बरोबर मध्यभागी आणा आणि फोकस किंचित बिघडवा. आरशाच्या दुर्बिणीत कडी दिसेल आणि मधे काळा ठिपका, म्हणजे लहान आरशाची सावली. ठिपका मधोमध असेल तर कॉलिमेशन ठीक आहे, स्क्रूला हात लावू नका. एका बाजूला सरकला असेल तर पुढे वाचा.

दिवसा, सूर्यापासून पूर्ण दूर, फिक्या भिंतीकडे दुर्बीण रोखा. फोकसरमध्ये मधोमध बारीक भोक पाडलेली एखादी टोपी बसवून त्यातून बघा. लहान आरशात मोठ्या आरशाला धरून ठेवणाऱ्या तिन्ही क्लिपा दिसत असतील तर लहान आरशाचे स्क्रू अजिबात फिरवायचे नाहीत. फक्त मागच्या मोठ्या आरशाचे. तिथे बहुधा सहा स्क्रू असतात: तीन बांधून ठेवणारे, तीन कलवणारे. प्रत्येकाची आत्ताची जागा पेन्सिलने खूण करून ठेवा. बांधणारे थोडे सैल करा, कलवणारा एकच स्क्रू एक अष्टमांश फेरा फिरवा, बघा. बिघडलं तर त्याच खुणेवर परत. सुधारलं तर आणखी थोडं. शेवटी रात्री ताऱ्यावर खात्री करा. प्रत्येक बदलानंतर तारा पुन्हा मध्यभागी आणायला विसरू नका, नाहीतर ठिपका सरकलेलाच दिसत राहील.

एका शाळेची ११४ मिलिमीटरची दुर्बीण माझ्याकडे आली होती, तिचे सहाच्या सहा आणि पुढचे तीनही स्क्रू कोणीतरी फिरवलेले होते. ती जागेवर आणायला दोन संध्याकाळी गेल्या. मूळ तक्रार काय होती? चंद्र उकळल्यासारखा दिसत होता. दुर्बीण रोज वर्गातून थेट तापलेल्या गच्चीवर नेत असत.

बिघडवलेला तारा गोल न दिसता त्रिकोणी दिसत असेल तर मोठ्या आरशाच्या क्लिपा त्याला फार आवळत आहेत. क्लिप आणि आरसा यांच्यात साधा कागद जेमतेम सरकेल इतकी जागा हवी. आरसा बाहेर काढायला हात थरथरत असेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा.

इथे थांबा

भिंगाच्या दुर्बिणीतली पुढची दोन भिंगं कधीही सुटी करू नका. त्यांच्यातलं अंतर, त्यांची दिशा आणि एकमेकांशी धरलेला कोन ठरलेला असतो. एकदा ते बिघडलं की दुर्बीण पुन्हा पहिल्यासारखी करणं फार कठीण असतं. दोन भिंगांच्या मधे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, आणि ते काम भिंगांच्या दुरुस्तीत मुरलेल्या माणसाचं. आरशाचा चंदेरी थर जागोजागी उडाला असेल तर तो नव्याने चढवून घ्यावा लागतो, घरी होत नाही. फोकसरचे दाते झिजले असतील किंवा मोटारीच्या स्टँडमधलं इलेक्ट्रॉनिक्स अडत असेल, तर तेही द्या.

आणखी एक सावधगिरी. नळी जेमतेम अर्धा मीटर लांब, पण तिच्यावर नाभीय अंतर १००० मिलिमीटर लिहिलंय, अशी आरशाची दुर्बीण असेल तर फोकसरच्या आत एक भिंग बसवलेलं असतं. ते काढू नका. या रचनेचं कॉलिमेशन किचकट असतं, आणि उत्तम जुळवूनही अशी दुर्बीण शंभर पटीच्या पुढे बहुधा मऊच दिसते. तिथपर्यंत वापरली तर चंद्रासाठी ती चांगली साथ देते.

दुरुस्तीला देताना सोबत एक कागद द्या: कोणत्या आयपीसने काय दिसतं, फोकस आत आणि बाहेर बिघडवल्यावर ताऱ्याची चकती कशी दिसते त्याची दोन साधी चित्रं, आणि तुम्ही कोणते स्क्रू किती फिरवलेत. शेवटची गोष्ट लपवू नका. दुरुस्ती करणाऱ्याचा सगळ्यात जास्त वेळ तीच शोधण्यात जातो.